चेअरमन नावाचा बोकड

आमच्या आळीत दिवस उजाडायचा तो चेअरमनला पडणाऱ्या शिव्यांनी.

"ऊठ की मुडद्या! रातभर खाऊन प्वाट नगाऱ्यागत झालंय, आन् परत पेंडंकडं बघतंय! लाज हाय का रं चेअरमन तुला?"

नवीन माणूस दचकायचाच. कारण खरा चेअरमन, म्हणजे आमच्या गावच्या दूध डेअरीचा चेअरमन, नेमका त्याच वेळी समोरच्या रस्त्यानं डेअरी उघडायला निघालेला असायचा. मान खाली, कान लाल, पाय भराभर. शिव्या देणारा महिपतीतात्या रस्त्याकडं बघायचासुद्धा नाही. तो गोठ्यात उभा राहून बोकडाशी बोलत असायचा. बोकडाचं नाव चेअरमन.

एकदा चेअरमन पोलीस पाटलाला घेऊन आला. तात्यानं दोघांना बाजेवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "आवं पाटील, बोकडाचं नाव ठिवायला परवानगी लागती व्हय? मी बोकडाला हाक मारतोय. ह्यो वाटंनं जातोय, ह्येनं ओ द्यायाची कशापायी?" तेवढ्यात आतून बोकड ओरडला. "बघा. ज्याचं नाव हाय त्यानं ओ दिली." पोलीस पाटलाच्या नाकातून चहा आला.

रहिमतपूरपासून दोन हाकांवर आमचं गाव. महिपतीतात्या मिलिटरीत ड्रायव्हर होता. रिटायर होऊन आला तेव्हा ट्रंकेत दोन गोष्टी घेऊन आला म्हणतात : इस्त्रीची पँट आणि वाकडी मान. मान म्हणजे कसं, कुणाचं बोलणं मनाला लागलं की तात्या मान डावीकडं कलती करायचा, एक डोळा बारीक करायचा आणि बोलणाऱ्याकडं वरपासून खालपर्यंत बघायचा. तोंडातून अक्षर नाही. बाकीची माणसं भांडतात, चार दिवस बोलत नाहीत, पाचव्या दिवशी तंबाखू मागतात. तात्याचं तसं नव्हतं. तात्या डूख धरायचा. आणि डूख धरली की त्या साली झालेल्या करडांतलं एक निवडून त्याला त्या माणसाचं नाव द्यायचा.

सूड पुरा झाला की जत्रेला तो बोकड कापायचा. आमच्याकडं जत्रेला घरटी मटण असतं, पाहुणे येतात, पंगती उठतात. तात्या त्या माणसाला स्वतः जाऊन आवतण द्यायचा. पाटावर बसवायचा. आग्रहानं वाढायचा. शेवटच्या घासाला हळूच विचारायचा, "कसं हाय मटान?"

"झ्याक हाय तात्या."

"आसणारच. तुजंच हाय."

वायरमनचा बोकड मी स्वतः खाल्लाय. खऱ्या वायरमननं ऐन उन्हाळ्यात तात्याच्या मोटरीची लाईन तोडली होती. तात्यानं फक्त मान वाकडी केली. पुढं पावसाळ्यात वायरमन आमच्या आळीतल्या खांबावर चढला, तर तात्यानं खालून शिडी काढून घरी नेली आणि परत येऊन खांबाखाली बसून निवांत भाकरी खाल्ली. वर वायरमन "तात्या, आवं तात्या" करतोय, खाली तात्या कांदा फोडतोय. त्या साली जत्रेला मटण जरा चिवट निघालं. तात्या म्हणाला, "वायर हाय, चावून खावा."

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढं मध्येच कोण बोलतंय असं वाटायला नको. मी शेजारचा. धंदा आवाजाचा. बैलगाडा शर्यतीत माईक धरतो, ऑर्केस्ट्रात मिमिक्री करतो, आमदारापासून म्हशीपर्यंत सगळ्यांचे आवाज काढतो. तात्या मला टेप्या म्हणायचा. संध्याकाळी हाक यायची, "टेप्या, ये. तालीम हाय."

तालीम म्हणजे भांडणाची. दिवसभरात कुणी काही बोललं असेल तर मी त्या माणसाचा आवाज काढून तेच परत बोलायचं आणि तात्यानं त्याला उत्तर द्यायचं. जागेवर उत्तर सुचायचं नाही ना त्याला. सुचलं की मग पाठ करून ठेवायचा. मी चेअरमनच्या घोगऱ्या आवाजात टोमणा मारायचा, तात्या पाटावर बसून म्हणायचा, "थांब. परत म्हण. जरा नाकातनं म्हण, त्यो नाकातनं बोलतो." आत चुलीपुढं तात्याची बायको हिराक्का भाकऱ्या थापत हसायची. "दोन चेअरमन कमी हुते, म्हणून ह्यो तिसरा आणलाय."

तर चेअरमन. हा तात्याचा सख्खा चुलतभाऊ, वयानं धाकटा. नाव वसंता, पण डेअरीची खुर्ची मिळाल्यापासून बायकोसुद्धा त्याला चेअरमनच म्हणते. तात्याला त्याची डूख होती ती बांधाची नाही, वाटणीची नाही. डूख होती एका वाक्याची.

झालं असं. तात्याच्या उजव्या गोळीला पाणी धरलं. डॉक्टर त्याला हायड्रोसिल म्हणतात. सुरुवातीला लिंबाएवढं होतं, तात्यानं कुणाला सांगितलं नाही. पँट अडचण करायला लागली तेव्हा तात्या धोतरावर आला. मिलिटरीचा माणूस, ज्याच्या पँटीच्या इस्त्रीवर बोट कापेल, तो एका सकाळी धोतर नेसून डेअरीच्या रांगेत उभा राहिला. हातात दुधाचा कॅन. चाल जरा फाकलेली. चेअरमन खिडकीत बसून दुधाची फॅट लावत होता, म्हणजे दुधात लोणी किती ते यंत्रावर मोजत होता. त्यानं तात्याचं दूध मोजलं, फॅट लावली, आकडा सांगितला, आणि मग नाकातनं म्हणाला,

"तात्या, हातातल्या कॅनची फॅट लागली. धोतरातल्या कॅनची कवा लावायची?"

डेअरी फुटली हसून. पोरं जमिनीवर लोळली. बायका पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळल्या. तात्याची मान डावीकडं गेली, डोळा बारीक झाला. तो कॅन घेऊन घरी आला. दुपारपर्यंत अख्ख्या गावात त्याचं नाव कॅनतात्या झालं होतं.

त्याच आठवड्यात शेळी व्याली. काळ्या तोंडाचं, पांढऱ्या अंगाचं, चेअरमनसारखंच पुढं पोट असलेलं करडू. बारसं झालं.

पण नुसत्या बोकडानं तात्याचं भागेना. एका संध्याकाळी तालमीत मी चेअरमनच्या आवाजात काही बोलायच्या आत तो म्हणाला, "टेप्या, ह्ये धोतरातलं कापूनच टाकतो. म्हंजे त्याच्या तोंडातला घासच काढला."

साताऱ्याला जायचं नाही हे नक्की होतं. साताऱ्यातल्या कुठल्याही दवाखान्यात बाकावर बसलं की आमचं निम्मं गाव शेजारी येऊन बसतं. म्हणून सांगली. मला तिकडं ऑर्केस्ट्राचं काम होतंच. रहिमतपूर स्टेशनवरून पॅसेंजर धरली, सांगलीत उतरून रिक्षानं विश्रामबाग. तिथं एक जैन सर्जन. बारीक अंगाचे, आवाज इतका मऊ की शिंक आली तरी आधी परवानगी मागतील. मी बाहेर बाकावर होतो, मध्ये फक्त पडदा. माझे कान धंद्याचे आहेत, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

"दुखतं का?"

"न्हाई."

"चालताना, बसताना ओढ लागते? जड वाटतं?"

"न्हाई."

"लघवीला?"

"धार मिलिटरीची हाय."

"किती दिवसांत एवढं झालं?"

"वरीसभरात लिंबाचा पेरू झाला."

मग दिव्याचं बटण बंद झाल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी अंधार करून खालून टॉर्च लावली होती. आतून तात्या ओरडला, "आयला! आकाशकंदील!"

"उजेड आरपार जातोय. म्हणजे आत पाणीच आहे, आतडं उतरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. सोनोग्राफी पण करून घेतली. गोळी ठणठणीत. मग म्हणाले, "आत्ता कापायची गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवा. बघूया."

"पर मला कापायचंय."

"का?"

"चेअरमनसाठी."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, फॅटसकट. हसले नाहीत. म्हणाले, "तात्या, लाज वाटते म्हणून सुद्धा आम्ही ऑपरेशन करतो, ते कारण खोटं नसतं. पण तुम्हाला लाज वाटत नाहीये, तुम्हाला राग आलाय. रागावर भूल चढत नाही. ऑपरेशन म्हटलं की टाके आले, सूज आली, कधी रक्त साचतं, कधी पू होतो. काही त्रास नसताना हे अंगावर कशाला घ्यायचं? आता नीट ऐका. ओढ लागली, चालायला-बसायला अडलं, कामाला अडलं, कातडी सोलवटायला लागली, तर या, मग कापू. आणि एकदम वाढलं, दुखलं, लाल झालं, ताप आला, तर सहा महिने बघू नका. त्याच दिवशी या. तोवर बघूया."

तात्या बाहेर आला तो मान वाकडी करूनच. गाडीत बसल्यावर म्हणाला, "दुसरी शेळी कवा व्यायाची हाय?"

त्या करडाचं नाव पडलं बघूया.

पण एक सांगतो, तात्या डूख धरायचा तसा शब्दही धरायचा. दर सहा महिन्यांनी तो बघूयाच्या नावानं बोटं मोडत सांगलीला जायचा. "दुश्मनावर नजर ठिवाय लागती," म्हणायचा. डॉक्टर तेच चार प्रश्न विचारायचे. तात्या तीच उत्तरं द्यायचा. मधल्या काळात पेरूचा नारळ झाला. मग एक दिवस पडद्याआडून उत्तर वेगळं आलं.

"ओढ लागती का?"

तात्या खाकरला. मग म्हणाला, "रानात जाऊस्तवर दोनदा बांधावर बसाय लागतंय."

"मग आता बघूया संपलं," डॉक्टर म्हणाले. "आता करून टाकू. पुढच्या आठवड्यात या."

आणि इथं तात्यानं घोळ घातला. जो माणूस गरज नव्हती तेव्हा कापा कापा म्हणत होता, तो गरज पडल्यावर म्हणाला, "आत्ता न्हाई. जत्रंनंतर."

कारण साधं होतं. जत्रा तोंडावर आलेली. तात्या अंथरुणावर पडला आणि जत्रेच्या माईकवरून चेअरमननं त्याची चौकशी केली तर? "आमचे बंधू कॅन रिकामा कराय गेल्यात," असं. तात्याला ते वाक्य आधीच ऐकू येत होतं. तालमीत त्यानं मला ते म्हणायलाही लावलं, आणि मी म्हटल्यावर पाण्याचा तांब्या भिरकावला.

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, जत्रेनंतर. पण एक करू नका. मधल्या काळात कुणाकडून सुईनं पाणी काढून घेऊ नका. परत भरतं, आणि आत घाण गेली तर पू होतो."

"सुईनं काडता येतं?" तात्यानं विचारलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावल्याचा आवाज पडद्याबाहेरपर्यंत आला.

जतला तात्याचा मिलिटरीतला दोस्त होता, बिराप्पा. मेंढरं राखणारा, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारा. तात्या एकटाच एसटीनं गेला आणि दोन दिवसांनी परत आला तो ताठ. बिराप्पानं त्याला कुठल्यातरी सुईवाल्याकडं नेलं होतं. "लय भ्या वाटलं रं," तात्या सांगत होता. "पर बिराप्पा हात धरून म्हणतोय, येन इल्ल तात्या, येन इल्ल. काय न्हाई, काय न्हाई. आन् खरंच काय न्हाई! बघ, सपाट!" बघायची माझी इच्छा नव्हती.

जत्रेच्या दिवशी शर्यतीच्या मैदानात माईक माझ्याकडं होता. बैलजोड्या सुटायच्या होत्या. पुढच्या खुर्च्यांवर चेअरमन फेटा बांधून बसलेला. आणि मैदानाच्या त्या टोकाकडून तात्या आला. पँट. इस्त्रीची. आत खोचलेला शर्ट, छातीवर मेडल, पायात पॉलिशचे बूट. लेफ्ट-राईट करत पार मधून, धूळ उडवत. मी काय सोडतो होय? "आन् मंडळी, मैदानावर एकच जोडी आलेली हाय, बैल न्हाईत, गाडा न्हाई, निस्ता ड्रायव्हर! चाल बघा! कुटं झोल न्हाई, कुटं डुलणं न्हाई!"

तात्या चेअरमनपुढं जाऊन थांबला. टाच आपटली. सॅल्यूट मारला.

"चेअरमनसायेब, आमची फॅट लावता?"

मैदान कोसळलं. चेअरमनच्या फेट्याचा शेमला पण लटलटत होता. मी म्हटलं, चला, हिशोब मिटला, यंदा चेअरमनचं मटण. पण घरी आल्यावर तात्यानं बोकडाच्या पाठीवर हात फिरवला आणि मुंडी हलवली. "अजून न्हाई. मी पँट घातली म्हणून लोकं हसली. त्याला कुटं काय झालं? त्यानं चारचौघांत केलं. त्यानं चारचौघांत भराय पायजे."

त्या जत्रेला तात्यानं बघूया कापला; डॉक्टरचं न ऐकता पाणी काढून आणलं, म्हणजे त्याच्या मते तो सूड पुरा झाला होता. मला वाटतं ती चूक झाली, कारण आठवड्याच्या आत तात्याला हुडहुडी भरली. पाणी परत भरलं होतं, आणि नुसतं पाणी नव्हतं. लाल, कडक, हात लावला की तात्या दात खायचा. मी गाडी करून त्याला थेट विश्रामबागेत नेलं.

त्या मऊ आवाजाच्या माणसाला मी पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. "तुम्हाला नको म्हटलं तेच तुम्ही केलंत! परवा जे सोपं होतं ते आता अवघड झालं!" आधी सलाईन, इंजेक्शनं, मग ऑपरेशन. पू निघाला. गोळी वाचली, डॉक्टर म्हणाले, पण थोडक्यात. हिराक्का उशाशी बसून होती. तात्या शुद्धीवर आला तसा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "चेअरमनला कळलं का?"

"न्हाई," हिराक्का म्हणाली. "गावात सांगितलंय मलेरिया झालाय. आन् आता गप पडा, न्हाईतर मीच एक बोकड पाळीन, तुमच्या नावाचा."

टाके सुकल्यावर दाखवायला म्हणून मी आणि तात्या परत गेलो. आणि तिथं, कोपऱ्यातल्या बाकावर, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, मांडीवर वर्तमानपत्र उलटं धरलेला एक माणूस बसला होता. टॉवेलात तोंड लपतं. पोट लपत नाही. आणि कंपाउंडरनं नाव पुकारल्यावर त्यानं जी "हां" दिली ती नाकातनं होती.

आश्चर्य वाटायचं कारण नाही. साताऱ्याला गेलं की गाव भेटतं, म्हणून तात्या सांगलीला आला. तीच अक्कल चेअरमनलाही होती. एकाच घराण्यातले.

तात्या त्याच्या शेजारी जाऊन बसला. मान डावीकडं. डोळा बारीक. नजर फेट्याच्या जागेपासून निघाली ती सावकाश खाली वर्तमानपत्रापर्यंत आली आणि तिथं थांबली.

"कसं हाय, चेअरमन?"

चेअरमनचा टॉवेल घामानं भिजला. "तात्या," तो पुटपुटला, "गावात बोलू नगंस. पाया पडतो. मला तुज्या आदीपास्नं हाय."

म्हणजे बघा. ज्याला आधीपासून होतं, त्यानं दुसऱ्याच्या धोतरातला कॅन दाखवला, कारण सगळ्यांनी तिकडं बघितलं की याच्याकडं कोण बघतंय?

तात्या उठून आत टाके दाखवायला गेला. परतीच्या गाडीत मी नुसता उकळत होतो. माझ्या घशात चेअरमनचं "पाया पडतो" तयार होतं, नाकासकट. गावात उतरलो की पारावर पहिला प्रयोग. पण ताकारी स्टेशनच्या आसपास तात्यानं माझा हात धरला. "आईची शपथ घे. कुणाला सांगायचं न्हाई."

"आवं तात्या! येवडी आयती आलीया! चारचौघांत भराय पायजे म्हणत हुता की!"

"तू सांगितलंस तर तू केलंस. मी सांगितलं तर एका दिसात हसून खलास. सांगून टाकलं की सूड शिळा झाला गड्या. न सांगता ठिवला की रोज ताजा." आणि खिडकीबाहेर बघत हसला. तसला हसरा तात्या मी आधी बघितला नव्हता. जरा भीतीच वाटली.

त्या दिवसापासून आळीतल्या शिव्या बंद. रोज सकाळी चेअरमन रस्त्यानं निघाला की तात्या गोठ्याच्या दारात उभा राहायचा आणि अगदी गोड आवाजात म्हणायचा, "कसं हाय, चेअरमन?" मग ती मान. मग ती वरून खाली जाणारी नजर. बोकड ओ द्यायचा. माणसाच्या पायात पाय अडकायचे. शिव्या परवडल्या असत्या त्याला. डेअरीत कुणी दुसरंच काही बोलून हसलं तरी चेअरमन खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायचा, कोण हसलं, कशाला हसलं. फॅटचे आकडे चुकायला लागला.

आणि तात्या त्याची चाल वाचायचा. स्वतः सगळ्या पायऱ्या चढून आलेला माणूस. ओट्यावर बसून मला हळू आवाजात सांगायचा, जसा मी मैदानात बैलांचं सांगतो तसा. "बघ, डावा पाय लांब टाकतोय. पेरू गेला, नारळ आला." काही महिन्यांनी : "आज डेअरीच्या पायरीवर मधीच थांबला. ओढ लागलीया. बघूया संपलं त्याचं. आता कापायलाच पायजे."

"मग जात का न्हाई त्यो?"

"कसा जाईल? आठ-धा दिस गावातनं गायब झाला तर मला कळंल ना कुटं गेला. त्याला वाटतंय मी वाटंकडंच बघतोय, पाठ फिरली की बोलीन."

"मग सांगा की त्याला, जा बाबा, मी न्हाई बोलत म्हणून. सुईबिई टोचून घेतली तर तुमच्यासारखं हुईल."

तात्यानं माझ्याकडं बघितलं. मान वाकडी नव्हती, सरळ होती. बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "मी सांगू? त्यानं माजी फॅट लावली, टेप्या. बायकांच्या म्होरं."

थंडीत तात्या झोपेतच गेला. हार्ट, डॉक्टर म्हणाले. बाकी काही नाही. सकाळी चेअरमन रस्त्यानं चालला, गोठ्याच्या दारात कुणी नव्हतं, तरी तो तिथं अडखळलाच.

दहाव्याला सगळं गाव नदीकाठी. पिंड ठेवला. शेजारी तात्याच्या आवडीचं सगळं : जिलेबी, तंबाखूची डबी, शेळीच्या दुधाचा चहा, आणि मिलिटरीची म्हणून एका कपात रम. आमच्यात कावळा पिंडाला शिवल्याशिवाय कुणी उठत नाही. माणसाचं मन कशात तरी अडकलेलं असलं की कावळा शिवत नाही, मग ज्यानं त्यानं पुढं होऊन शब्द द्यायचा. थोरला पोरगा पुढं झाला, "आयेला संभाळीन." कावळा नाही. "शेळ्या इकणार न्हाई." नाही. मग कुणीतरी म्हणालं, "टेप्या, तू कावळ्याचा आवाज काडतोस न्हवं? काड की." मी काढला. चांगला काढला, पाच-सहा आले. पण बाभळीवर बसले. खाली उतरेनात. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले.

मग हिराक्का उठली. "उगं सगळ्यास्नी ताप कशाला?" ती म्हणाली. "ह्यांची एकच डूख ऱ्हायली हुती. ती हितंच हुबी हाय."

अख्ख्या गावाची मान फिरली. चेअरमन मागं बाभळीच्या बुंध्याला टेकून उभा होता. त्याच्यानं बसवत नव्हतं, हे मला आणि त्यालाच माहीत. लोकांनी वाट करून दिली. तो फाकत फाकत पुढं आला. पिंडापुढं उभा राहिला आणि आधी त्यानं माझ्याकडं बघितलं.

माझ्या घशात तात्या तयार होता. "कसं हाय, चेअरमन?" एवढं जरी मागून म्हटलं असतं तरी माणूस नदीत पडला असता. पण आईची शपथ होती. मी तोंड मिटून उभा राहिलो. आणि मला वाटतं, माझं ते मिटलेलं तोंडच त्याला जास्त लागलं.

"तात्या, चुकलं माजं," तो ओठातल्या ओठात म्हणाला.

बाभळीवर हालचाल नाही.

"मोट्यांदा, भावजी," हिराक्का म्हणाली. "चारचौघांत बोलला हुतासा. चारचौघांतच बोला."

चेअरमननं डोळे मिटले. एकदम, नाकातून नाही, पार पोटातून आवाज निघाला त्याचा. "तात्या, मी तुला डेअरीत बोललो. मला बी त्येच हाय! तुज्या आदीपास्नं हाय, तुज्यापरास मोटं हाय! डॉक्टर कवापास्नं कापा म्हणतोय. उद्या जातो सांगलीला. कापून घेतो. शीव आता!"

मग मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग बांध फुटला. पोरं, म्हातारी, भटजी. दहाव्याला एवढं हसलेलं गाव मी पुन्हा बघायचा नाही. "तुज्यापरास मोटं" हे वाक्य पारावर अजून चालू आहे, आणि ते मी सुरू केलेलं नाही.

त्या गदारोळातच एक कावळा उतरला. पिंडापाशी दोन उड्या मारून थांबला. खाल्लं नाही लगेच. मान डावीकडं कलती केली. एक डोळा चेअरमनवर लावला. आणि शपथेवर सांगतो, त्या डोळ्यानं चेअरमनला वरपासून खालपर्यंत बघितलं, खाली जरा थांबला, आणि मग भाताचं शीत उचललं.

हिराक्कानं पदर डोक्यावर नीट केला. "भावजी," ती म्हणाली, "बरं झाल्यावर जत्रंला जेवाय या. बोकड कापतोय."